कोपरे कापलेली अक्षरं

शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी एक अख्खा दिवस एकत्र घालवायला निघाल्या. एक दवाखान्यात नर्स. दुसरी पुस्तकबांधणी करणारी. बोटं कायम चिकट म्हणून तिला सगळे डिंकी म्हणत. तिसरी बडबडी, आणि बेतही तिचाच. सकाळी तळ्याकाठी हिंडायचं, डबे खायचे, मग वाचनालयाच्या वरच्या खोलीत कागदाची भेटकार्डं करायला शिकायचं.

तिथल्या बाईंनी जुनी वर्तमानपत्रं वाटली. मथळ्यांतली अक्षरं कापून कार्डावर शब्द चिकटवायचा होता. नर्सनं सहज शेजारी पाहिलं. डिंकी प्रत्येक अक्षर कापून झाल्यावर त्याचे चारही कोपरे तिरपे उडवत होती.

नर्सनं कात्री खाली ठेवली. सव्वीस वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न एका निनावी पत्रानं मोडलं होतं. मुलीला फिट येतात, घरच्यांनी लपवलंय, असं त्यात होतं. मुलाच्या भावानं ते तिच्यापुढे आणून टाकलं होतं. वर्तमानपत्रातली अक्षरं, आणि एकेकाचे चारही कोपरे कापलेले.

तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, असे कोपरे का कापतेस? नाहीतर ते उचकटतात, डिंकी म्हणाली. पण पुढच्या अक्षरांचे कोपरे तिनं तसेच ठेवले. चोराच्या मनात चांदणं, नर्सला वाटलं.

मग तिला सगळंच खटकायला लागलं. लग्न मोडल्यावर डिंकी महिनाभर रोज घरी येत होती, ते कशासाठी? आज चहात साखर अर्धा चमचा, हे न विचारता तिनं कसं लक्षात ठेवलं? बडबडी जुन्या गमती सांगत होती. तिलाही माहीत असेल का? नर्स हसायच्या जागी हसत राहिली.

हात धुवायला दोघीच नळाशी गेल्या तेव्हा तिनं विचारलं, "ते पत्र तू केलंस ना?"

डिंकीनं नळ सुरूच ठेवला. "केलं. काकूंनी सांगितलं म्हणून."

"कोण काकू?"

"तुझी आई."

नर्सचा विश्वास बसला नाही. आपलं खापर म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर फोडतेय, असं वाटून ती कार्ड अर्धवट सोडून निघाली. बडबडी जिन्यापर्यंत विचारत आली, झालं काय. नर्सनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बसमध्ये मात्र तिला आठवत राहिलं, की पत्र आलं त्या दिवशी शेजारपाजारच्या बायका रडल्या होत्या, आई नव्हती रडली.

घरी आई खिडकीशी बसून उशांना अभ्रे घालत होती. दिवस कसा गेला, तिनं विचारलं. नर्सनं चपलाही न काढता पत्राचं विचारलं.

आईनं हातातला अभ्रा घालून पुरा केला. वडील गेलेले, पाठचे दोघे भाऊ शाळेत, घरात पगार काय तो हिचा. हे तिनं सांगितलं, पण सबब म्हणून नाही. दोघींनाही ते ठाऊकच होतं.

"मुलगा वाईट होता का?" नर्सनं विचारलं.

"चांगला होता," आई म्हणाली. "म्हणूनच तू गेली असतीस."

नर्सनं चपला काढल्या आणि ती खुर्चीवर बसली. मग संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली, तशी नर्स उठली. नेहमीच्या डबीतून गोळी काढून तिनं आईच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला.

आईनं गोळी बोटांनी उलटी करून पाहिली. मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि मग गिळली.