टॅब घेऊन ये

आमच्या टोलीडोच्या अमेरिकन फुटबॉल क्लबात ‘तुला काढलं’ असं कुणाच्या तोंडावर सांगायची पद्धत नाही. तेवढी छाती कुणाची नाही. खेळाडूला फक्त निरोप जातो, ‘वर ये आणि टॅब घेऊन ये.’ संघाचे सगळे डाव त्या टॅबमध्ये असतात आणि टॅब क्लबाचा असतो. तो परत घेतला की माणूस आमचा राहिला नाही. पूर्वी जाडजूड फाइल असायची, तेव्हा ‘फाइल घेऊन ये’ म्हणत. वस्तू बदलली, भित्रेपणा तोच. म्हणून एखाद्याचा टॅब खरोखर बिघडला तरी आम्ही ते तीन शब्द उच्चारत नाही. ‘तुझी ती काच दाखव जरा’ असं काहीतरी म्हणतो आणि पोरं हसतात.

रेनाटा कोसिकला हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. लीग प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा घालून देते आणि सगळे खेळाडू मिळून तिच्या आत बसले पाहिजेत. मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी चारला बाजार उघडतो. करार संपलेले खेळाडू तेव्हा मोकळे होतात. त्या वेळी ज्याच्याकडे जागा नाही, त्याने नुसतं बघत बसायचं. जागा करणं हे रेनाटाचं काम. ‘जागा आहे का?’ ‘अजून थोडी जागा कर.’ दिवसभर हेच चालतं, आणि जागा म्हणजे कुणाचा तरी पगार असतो हे बोलताना कुणाच्या लक्षात राहत नाही. मी क्लबाच्या प्रसिद्धीचं काम बघतो. माझं टेबल तिच्या समोर आहे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

यंदा आमचे जनरल मॅनेजर कॅल हचिन्स मेह्यू नावाच्या एका धिप्पाड पोरासाठी वेडे झाले होते. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याला, आडवं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला बसवायचं तर जागा हवी, आणि जागेसाठी हचिन्सची नजर गेली ओटिस ब्रॅनमवर. ओटिस आमचा सेंटर, म्हणजे दर डावाला चेंडू पायांमधून मागे देणारा आणि मग समोरच्या पहाडाला छातीवर घेणारा. अलाबामाचा. गुडघे गेलेले, पण कपडे बदलायच्या खोलीत त्याचा शब्द खाली पडत नसे.

“म्हातारा झालाय, रेनी. सोडू या,” हचिन्स म्हणाले.

“तो गेला तर पोरांना धरून कोण ठेवणार? तू?”

“मी ठेवतो की.”

“तुला त्यांची नावं तरी येतात का?”

ती आठवडाभर भांडली आणि तिने वाट काढली. ओटिसचा यंदाचा पगार बोनस म्हणून आत्ताच हातात द्यायचा, आणि आमच्या मर्यादेत तो पुढच्या वर्षांवर थोडा थोडा पसरायचा. ओटिसचं काही जात नव्हतं, उलट पैसे आधीच मिळणार होते आणि जागाही पक्की होणार होती. क्लबालाही मेह्यूपुरती जागा मिळत होती. हचिन्सनी तोंड वाकडं करून होकार दिला. ओटिसचा एजंट फोनवर हो म्हणाला आणि विमानात बसला. ओटिसला आपण सांगावं असं त्याला वाटलं नाही, रेनाटा सांगेल असं वाटलं. रेनाटाला वाटलं, एजंटने सांगितलं असेल. आता फक्त सही राहिली होती, आणि सह्या हल्ली खेळाडूच्या टॅबवरच होतात.

मंगळवारी दुपारी एका हातात सँडविच, कानाला फोन, अशा अवस्थेत तिने ओटिसला मेसेज टाकला. ‘वर ये. टॅब घेऊन ये.’

आपण काय लिहिलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ओटिस खाली व्यायामशाळेत होता. यायला त्याला बराच वेळ लागला. रेनाटा दोनदा चिडून म्हणाली, “एका सहीसाठी हा माणूस काय आंघोळ करून येतोय?”

तो खरंच आंघोळ करून आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट बसवलेले. हातात टॅब होता, पुसून स्वच्छ केलेला, आणि वर चार्जर, त्याची वायर गुंडाळून रबर लावलेलं. त्याने दोन्ही वस्तू तिच्या टेबलावर हळूच ठेवल्या.

“घ्या, मिस रेनाटा. चार्जर पण आणलाय. नंतर कुणी म्हणायला नको, ब्रॅनम चार्जर घेऊन पळाला.”

रेनाटाचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

“मला वाटलेलं कॅल सांगेल,” ओटिस म्हणाला. “पण बरं झालं, तुम्ही बोलावलंत. तुमच्याकडून ऐकायला बरं. खाली सगळ्यांना भेटून आलो. कपाट रिकामं केलं. स्वयंपाकघरातली ती लुईस, बाई रडायलाच लागली. मी म्हटलं, लुईस, रडू नको, तुझी अंडी आता कमी लागतील.”

तो हसला. आम्ही नाही हसलो.

“बायकोला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, चला, आता तरी आपल्या पोरांना उचलून घेता येईल तुला. आणि ऐका, त्या मेह्यूला घ्याच. ही पोरं जिंकायला हवीत. मी मध्ये अडून बसलो असतो तर मलाच लाज वाटली असती.”

“ओटिस,” रेनाटा म्हणाली, “नाही, अरे ते...”

तेवढ्यात हचिन्स दारात आले. खालची रडारड वरपर्यंत पोचली होती. त्यांनी ओटिसच्या खांद्यावर हात ठेवला. “कळलं मला सगळं. मोठ्या मनाचा माणूस आहेस बाबा,” ते म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरून रेनाटाकडे बघितलं. सहीची गोष्ट त्यांना पुरती माहीत होती. ओटिस पूर्ण गेला तर सहीपेक्षा किती तरी जास्त जागा होते, हेही माहीत होतं. आणि सगळ्यात अवघड जे असतं, निरोप, तो ओटिसने स्वतःच सगळ्यांचा घेऊन टाकला होता.

“तुम्ही काहीतरी म्हणत होतात,” ओटिसने रेनाटाला विचारलं.

अजून एक वाक्य पुरलं असतं. ‘अरे वेड्या, सहीसाठी बोलावलंय.’ ती टेबलावरच्या त्या गुंडाळलेल्या वायरीकडे बघत राहिली.

“काही नाही,” ती म्हणाली. “चार्जर आणायची गरज नव्हती.”

तो गेल्यावर ती हचिन्सवर तुटून पडली. “आपण त्याला काढलेलं नाही! माझी चूक झाली, मी त्याला परत बोलावते.”

“बोलाव ना,” हचिन्स शांतपणे म्हणाले. “तुझा मेसेज, तुझी चूक. सांग त्याला, सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, आता जा आणि कपाट परत भर. बाजार उद्या चारला उघडतो, तोवर वेळ आहे तुझ्याकडे.”

तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. उद्या सकाळी ताज्या डोक्याने बोलू, म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणून मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही इतकी शरम वाटते की आरशात बघवत नाही.

बुधवारी सकाळी मेह्यूच्या एजंटने भाव वाढवला. वाढीव भाव ओटिस असताना बसत नव्हता. जेवणाच्या सुमाराला रेनाटाने ओटिसला मुक्त केल्याचं लीगला कळवलं. मी बातमी लिहिली, ‘परस्पर संमतीने’. चारनंतर मेह्यू आमचा झाला. हचिन्सनी केक मागवला आणि रेनाटा प्रसाधनगृहात जाऊन बसली, ती केक संपल्यावर बाहेर आली. संध्याकाळी बातमी वाचून ओटिसच्या एजंटचा फोन आला. तो हचिन्सना जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही, पण कागदावर त्याच्या हाती काही नव्हतं. म्हणजे ओटिसलाही आता सगळं कळलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मांस खात नाहीत, मासे मात्र चालतात, म्हणून त्या दिवशी पोलिश चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं. ओटिस त्या चर्चचा नाही, पण दर वर्षी आमच्या संघाच्या वतीने वाढायला उभा राहतो. रेनाटा त्याच चर्चची. ती म्हणाली, “तो आता कशाला येईल?” तरी एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मला घेऊन गेली.

तो आला होता. मोठ्या पोटावर छोटा एप्रन, हातात चिमटा. लोक त्याच्याशी हात मिळवायला थांबत होते, म्हणून रांग दारापर्यंत गेली होती. रेनाटा मागे फिरणार होती, पण मागच्या म्हाताऱ्या बाईंनी तिच्या हातात ताट कोंबलं आणि ती ओटिससमोर येऊन उभी राहिली.

“ओटिस, मला तुला...”

“तो मेसेज सहीसाठी होता ना, मिस रेनाटा?”

“हो.”

“आणि मी चार्जर ठेवला तेव्हा तुम्हाला ते माहीत होतं.”

“हो.”

त्याने मान डोलावली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“पैशाचं सोडा,” तो म्हणाला. “तुम्ही तिथेच सांगितलं असतंत ना, तर मी खाली जाऊन परत कपाट भरलं असतं. पोरांनी हसून हसून जीव घेतला असता माझा. लुईसने रोज विचारलं असतं, काय रे, आज पण निघालास का? वर्षभर छळलं असतं सगळ्यांनी.” त्याने चिमटा उचलला. “मला ते फार आवडलं असतं.”

रेनाटाला डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत ताट होतं. ओटिसने तिच्या ताटात माशाचे दोन तुकडे ठेवले. मग सगळ्यांना देत होता तसा जास्तीचा तिसराही ठेवला.

“सरका आता, मिस रेनाटा,” तो मऊ आवाजात म्हणाला. “मागे लोक उभे आहेत. जागा करा जरा.”