सावकाश म्हणू नका

माझ्या थोरल्या नणंदबाई मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या. जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावली, स्वतः कुणाचं ऐकायची सवय नाही. मी त्यांना अजून वन्सं म्हणते, कारण ते त्यांना जुनाट वाटतं आणि मला ते चांगलं माहीत आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी शिकायचं ठरवलं, आणि तीही माझ्याकडेच. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शहरातल्या निम्म्या बायका माझा आरडाओरडा ऐकून रस्त्याला लागल्यात.

घरात भाजीतल्या मिठापासून पडद्यांच्या रंगापर्यंत मला सुनावणाऱ्या वन्सं गाडीत बसल्या की माझ्या शब्दाबाहेर जायच्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

त्या दिवशी सकाळी आम्ही गोदामांच्या रस्त्यावर सराव करत होतो. पुढे एक टेम्पो माल उतरवायला उभा होता, मागचा लोखंडी फाळका सताड उघडा. वळणावरून एक कुरिअरवाली मुलगी स्कूटरवर भरधाव आली. टेम्पो दिसताच तिने गाडी बाजूला घेतली, पण फाळक्याचा कोपरा मांडीत घुसलाच. मुलगी एकीकडे, स्कूटर दुसरीकडे, पाकिटं रस्ताभर.

मी धावले. माझ्या आधी चार-पाच माणसं पोचली होती, पण बघायला. मांडीतून रक्ताची धार लागली होती. मी ओढणीची घडी केली, जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी सगळं वजन टाकून दाबलं. प्रथमोपचाराच्या वर्गात हे मी रबरी बाहुल्यावर केलं होतं. बाहुला गरम नसतो आणि ओरडत नाही, एवढाच फरक.

"पाणी पाजा तिला," एक जण म्हणाला.

"उठवून बसवा."

"हात लावू नका हो, नसतं लचांड मागे लागेल. पोलीस येऊ देत."

"पाणी नाही, बसवणं नाही," मी ओरडले. "आणि लचांड माझ्या मागे लागू दे. तुम्ही फोन लावा!"

फोन लागला. ॲम्ब्युलन्स पुलापलीकडे वाहनांच्या कोंडीत अडकली होती, बराच वेळ लागेल म्हणाले. मुलीचे ओठ पांढरे पडत चालले होते. हात जरा सैल झाला की ओढणी पुन्हा भिजायची. थांबलो तर ही पोर इथेच जाईल, हे मला स्वच्छ दिसलं. मोठं हॉस्पिटल याच रस्त्याला, सरळ पुढे होतं. आमची गाडी मागे उभी होती. फक्त चालवायला कुणी हवं होतं, कारण माझे हात मोकळे नव्हते.

"गाडी कुणाला येते?"

एकाला स्कूटर येत होती. दुसऱ्याला अचानक काम आठवलं. टेम्पोवाल्याने नुसते हात पुढे केले. ते इतके थरथरत होते की त्याला किल्लीसुद्धा धरता आली नसती.

"मला येते," वन्सं म्हणाल्या.

येत नव्हती. हे त्या रस्त्यावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण आवाज मेट्रनचा होता, त्यामुळे कुणी विचारायच्या फंदात पडलं नाही. "बघत काय उभे आहात? उचला तिला! पाय सरळ ठेवा. आणि ही हात काढणार नाही, हिच्यासकट न्या." सगळे जण मुकाट्याने कामाला लागले.

मुलीला मागच्या सीटवर आडवं केलं आणि मी खाली, दोन सीटांमधल्या फटीत गुडघे टेकून बसले. हात जखमेवर. टेम्पोवाला पुढे माझ्या जागेवर बसला आणि हात बाहेर काढून रस्ता मोकळा करू लागला.

गाडी निघाली. तेव्हा मला जाणवलं की माझ्या पायाखाली ब्रेक नाही. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो. इतकी वर्षं त्याच भरवशावर मी जगाला धीर देत आले. आता तो ब्रेक टेम्पोवाल्याच्या पायाशी होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला भीती वाटली.

वन्सं दुसऱ्या गिअरवर गेल्या, तिसऱ्यावर गेल्या. समोरून एक हातगाडी आडवी आली.

"सावकाश, बाई, सावकाश!" टेम्पोवाला म्हणाला.

गाडी खाडकन थांबली. मी पुढच्या सीटवर आदळले, हात घसरला, मुलगी किंचाळली आणि ओढणीतून रक्त उसळलं. मी पुन्हा दाबलं. गाडी बंद पडली होती, ती वन्संनी चालू केली. थोडं पुढे गेलो तर एक सायकलवाला.

"सावकाश, सावकाश!"

पुन्हा तेच. माझं कपाळ सीटवर, हात जखमेवरून बाजूला.

"बाई, तुम्हाला गाडी येते ना नक्की?" टेम्पोवाला रडकुंडीला आला.

चूक त्याची नव्हती आणि वन्संचीही नव्हती. मी माझ्या बायकांना 'ब्रेक' म्हणून ओरडत नाही. ब्रेक म्हटलं की नवी बाई दचकते आणि भलतंच पेडल दाबते. म्हणून पहिल्या दिवसापासून मी 'सावकाश' म्हणते. सावकाश म्हटलं की पाय ब्रेकवर, पूर्ण, गाडी जागच्या जागी. हे मी वन्संच्या अंगात इतकं भिनवलं होतं की माणूस कोण, आवाज कुणाचा, याच्याशी त्यांच्या पायाला घेणंदेणं नव्हतं.

"दादा, सावकाश म्हणू नका!" मी खालून ओरडले.

"मग काय, जोरात म्हणू?"

"काहीच म्हणू नका! तोंड बंद!"

तो नुसता हात बाहेर काढून हलवत राहिला. मुलगी आता ओरडतही नव्हती. "ए पोरी, माझ्याकडे बघ," मी म्हटलं. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. हॉस्पिटलची पाटी दिसली, आणि फाटकाच्या अलीकडे तो गतिरोधक, जिथे मी रोज वन्संना ओरडायचे. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. चौथा मी त्यांना अजून शिकवलेलाच नव्हता. या वेगाने आदळलो असतो तर माझा हात सुटला असता. वेग हळूहळू कमी करायला सांगायचं होतं, आणि माझ्याकडे शब्द एकच होता. तो जिभेच्या टोकावर आला. मी दात आवळले. आयुष्यात इतकं गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं.

गाडीचा वेग उतरला. हिसका नाही, धक्का नाही. गतिरोधकावरून गाडी अलगद चढली, अलगद उतरली आणि अपघात विभागाच्या दारात लागली. माझा हात होता तिथेच होता.

स्ट्रेचर आलं. एका नर्सने माझे हात उचलून तिथे स्वतःचे ठेवले आणि मुलगी आत गेली. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. टेम्पोवाला रडत होता आणि वन्सं त्याला दरडावून चहा पाजत होत्या. दुपारी तीच नर्स बाहेर आली. ऑपरेशन झालं होतं, मुलगी शुद्धीवर होती, आईला बोलावून घेतलं होतं. "जखम दाबून धरलीत आणि लगेच आणलंत, म्हणून वाचली," ती म्हणाली. मी तिथेच रडले. वन्संनी मला रडू दिलं, हेही नवलच.

गाडीपाशी आल्यावर मी सवयीने डावीकडचं दार उघडलं.

"तू मागे बस," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, कायदा आहे. मला पुढेच बसावं लागतं."

"अगं, पण तू पुढे असलीस की मला वाटतं, ब्रेक तुझ्याकडे आहे."

मी पुढेच बसले, पण दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर चक्क मांडी घालून. वन्संनी एकदा माझ्या मांडीकडे पाहिलं, एकदा आरशात पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली.