सिंह न पाहिलेली बाई

माझ्या आईने सिंह पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले दोन महिने सिल्वासात सगळे उलटंच समजून बसलेत.

झालं असं, की वासोण्याच्या पार्कातला सिंह पळाला आणि खेरडीच्या वाटेला लागला, अशी अफवा उठली. सिंह बिचारे कुठेही गेले नव्हते. खाऊनपिऊन जागेवर लोळत होते. पण अफवेला कोण अडवणार? एका लोकल यूट्यूब चॅनलचा पत्रकार कॅमेरा घेऊन आमच्या चाळीत शिरला. चाळीच्या तोंडाशीच माझी आई, मंजुळाबाई, अंगण झाडत होती. दुसऱ्या दिवशी एक छोटीशी क्लिप सगळ्यांच्या फोनवर. आई खराटा उगारून म्हणते आहे, "खराटा घ्यायचा आन् कोंबडीवानी हाकलायचा!" खाली लाल पट्टी: ‘सिंहाशी भिडली एक महिला’.

अफवा खोटी निघाली तेव्हा पत्रकार नामानिराळा राहिला आणि आई खोटारडी ठरली. मला हे फार झोंबलं, कारण आमच्या चाळीत आईच्या शब्दाला वजन होतं. धुळ्या-नंदुरबारकडून आलेली बिऱ्हाडं, माणसं धाग्याच्या कंपनीत पाळीवर, आणि मागे नळावर रोजची जुंपलेली. आधी कोणाचा हंडा, कोणाचं पोरगं कोणाला काय बोललं, सगळ्याचा निवाडा आई करायची. तिने सांगितलं की विषय संपला. क्लिपनंतर तिला कोणी विचारेना. आपणहून बोलायला गेली तर समोरच्या खोलीतला कारभारी, म्हणजे नावाचाच कारभारी, म्हणायचा, "मावशी, हे पण सिंहासारखंच पाह्यलं का?" आणि खीखी सुरू. त्याचाही जुना राग होता. नळाच्या भांडणात आईने त्याला दोनदा चूक ठरवलं होतं.

आई नळावर जाईनाशी झाली. दुपारी सामसूम झाली की हंडा भरून आणायची. जिने अख्ख्या चाळीला रांग लावायला शिकवलं, ती चोरासारखी पाणी भरते, हे बघून माझं डोकं फिरायचं.

आता माझ्याबद्दल. मी ममता, माध्यमांवर पीएचडी करते. त्याच सुमारास इथल्या एका कॉलेजात संशोधक विद्यार्थ्यांची आठवडाभराची कार्यशाळा लागली: डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस. नावाला घाबरू नका. बातमीत कोण बोलतं, कोणाला बोलू देतात, कोणाचं बोलणं कुठे कापतात, ते बारकाईने तपासायचं, एवढंच. शिकवायला पुण्याहून विद्या मॅडम आल्या होत्या. बाई कडक.

"एकाने रेकॉर्डिंग आणायचं," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांनी मिळून ते ऐकायचं. थांबवत, मागे नेत, पुन्हा पुन्हा. जे ऐकू आलं तेवढंच सांगायचं. ‘त्याला असं म्हणायचं असेल’ हे इथे चालणार नाही. आणि ज्याने रेकॉर्डिंग आणलं त्याने फक्त विचारायचं, स्वतःचं मत द्यायचं नाही. हो, आणि लोक कुठे गप्प होतात तेही ऐका. गप्प बसणं हेही बोलणंच असतं."

मत द्यायचं नाही, हा नियम माझ्या जिवावर आला. पण पद्धत मला तिथल्या तिथे पटली.

सोमवारी प्रत्येकाने आपापलं रेकॉर्डिंग मांडायचं होतं. मी त्या चॅनलच्या पानावर शोधत गेले, तर त्या दिवशीचं पूर्ण लाइव्ह तिथे तसंच पडून होतं. कोणी काढलं नव्हतं, कारण कोणी बघितलंच नव्हतं. आईचा भाग ऐकला आणि मी खुर्चीतून उठलेच. मात्र आम्हा संशोधकांत एक रीत आहे: ज्याचं बोलणं, त्याची संमती. म्हणून आधी आईकडे गेले.

"नाही," आई म्हणाली. "इथले हसले ते कमी पडले का? आता कॉलेजवाल्यांना बी हसू दे?"

"आई, हे पूर्ण आहे. हे ऐकल्यावर तुला कोणी खोटी म्हणणार नाही."

"मंग ज्यांनी अर्धं पाह्यलं त्यांना दाखव आधी. कॉलेजवाले मला नळावर भेटतात का?"

वाटलं, हे मला आधी का सुचलं नाही.

रविवारी सकाळी चाळीतल्या नवनाथकाकांचा टीव्ही त्यांच्या ओट्यावर आणला आणि फोन जोडला. फुकटचा तमाशा कोणाला नको? चाळ जमली. कारभारी सगळ्यात पुढे, खुर्ची टाकून. आई आमच्या दारात, टीव्हीकडे पाठ करून लसूण सोलत बसली. मी मॅडमचे नियम सांगितले. "ही काय परीक्षा आहे का?" कारभारी म्हणाला. "परीक्षाच आहे," मी म्हणाले आणि लावलं.

"बेन, शेर देखा?" पत्रकाराने विचारलं.

"नाही भाऊ. मी काई नाही पाह्यलं," टीव्हीवरची आई म्हणाली.

मी थांबवलं. "काय ऐकू आलं?"

"नाही पाह्यलं म्हणते," शेजारची तानूबाई म्हणाली, आणि स्वतःच चमकून आईकडे बघायला लागली.

पुढे. "लेकिन इधर से ही गया ना?"

"मला काय माहीत? कुत्रे भुंकत होते, ते तं रोजच भुंकतात."

पुढे. "अच्छा, आ गया तो क्या करोगे?"

"आला तं? खराटा घ्यायचा आन् कोंबडीवानी हाकलायचा!"

हशा पिकला. पण तानूबाई ओरडली, "थांबा, थांबा. मागं घे ममता." मी मागे घेतलं. "अगं बया, हा ‘आला तर’ विचारतोय! ते कुठं होतं क्लिपमध्ये?"

"ते ठीक आहे," कारभारी म्हणाला, "पण मावशीला म्हणायचं होतं की—"

"म्हणायचं होतं, ते चालणार नाही!" अख्खी चाळ एका सुरात. मी जीभ आवरून उभी होते. मला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

आता शेवटचा तुकडा. टीव्हीवरची आई खराटा टेकवून उभी राहिली आणि तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही पाह्यला का सिंह?"

पत्रकार काहीच बोलला नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. आईने वाट पाहिली, मग पुन्हा झाडायला लागली. खराट्याचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग तो म्हणाला, "चलिए, आगे चलते हैं."

तेवढाच भाग मी पुन्हा लावला. "कारभारीदादा, काय ऐकू आलं?"

"काई नाही आलं."

"कोण गप्प आहे?"

तो खुर्चीत जरा सरकला. "तो पत्रकार."

"आणि विचारलं कोणी?"

"मावशीनं," तो म्हणाला. खाली बघून, पण म्हणाला. दारात लसूण सोलणारे आईचे हात थांबले होते.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सगळे हंडे एकदम धावले आणि नेहमीसारखी जुंपली. तानूबाईने तिथून हाक मारली, "मंजुळाबाई, ये ना वं बाहेर! हे लोक ऐकून नाही राह्यले!" आईने हात धुतले, पदर खोचला आणि गेली. दोन वाक्यांत तिने निवाडा केला आणि कारभारीचा हंडा तिसऱ्या नंबरला गेला. त्याने स्वतःच तो उचलून तिथे ठेवला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

दुपारी मी संमतीपत्र वाचून दाखवलं. "तुझं नाव कुठेच येणार नाही आई. संशोधनात नावं बदलतात, माणसाला पुढे त्रास नको म्हणून. मी नुसतं लिहीन, एक महिला."

"त्या लाल पट्टीवर काय लिव्हलं होतं?"

"सिंहाशी भिडली एक महिला."

"मंग त्याच्यात आन् तुझ्यात फरक काय?"

आता गप्प व्हायची पाळी माझी होती. नियम का आहे ते मला ठाऊक होतं. पण ज्या बाईला दोन महिने तिच्या तोंडावर खोटी म्हटलं, तिची आता लपायची इच्छा नव्हती.

"पुरं नाव टाक," आई म्हणाली. "आन् त्याच्या खाली काय लिव्हायचं ते तुला माहीत आहे."

मॅडमशी भांडायचं ते मी सोमवारी भांडेन, आणि मी भांडणात हरत नाही. शेवटी मुलगी कोणाची आहे! मी तिच्यासमोरच सोमवारच्या मांडणीचं पहिलं पान उघडलं आणि लिहिलं: मंजुळाबाई वाल्मिक सोनवणे. हिने सिंह पाहिला नाही.