श्वास काढलेला मंत्र

सकाळी पावणेसातच्या सुमाराला मावशी जप करता करता आसनावरच कलंडली. काका स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. तिचा आवाज थांबल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण स्पीकरवरचा मंत्र चालूच होता. कप घेऊन ते आत गेले तेव्हा ती कुशीवर पडलेली होती, ओठ निळसर पडलेले, आणि गुरुजींचा खणखणीत आवाज खोलीभर घुमत होता.

भाचा रुग्णालयात पोचला तोवर ती शुद्धीवर आली होती. नाकाला प्राणवायूची नळी, केस विस्कटलेले. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. घाईघाईत त्यांनी सदरा उलटा घातला होता आणि ते कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

"या, कानसेन," काका म्हणाले. भाचा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत संकलक होता. दोन भिंतींपलीकडचा गळका नळही त्याला झोपू देत नसे, म्हणून हे नाव काकांनी ठेवलं आणि ते घरभर चिकटलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दम कोंडला. न्यूमोनियातून उठून महिना-दीड महिना झालाय, फुप्फुसं अजून हळवी आहेत. त्यांनी विचारलं, जिना चढलात का, काही जड उचललंत का? ही म्हणते, मी फक्त मंत्र म्हणत होते. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच हिला पाणी भरायला लावलं."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी पडल्या पडल्या म्हणाली. मग भाच्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझीच साधना तोकडी पडते रे. तुझे ते गुरुजी तासभर म्हणतात, श्वास कुठे घेतला ते कळतसुद्धा नाही. मला दुसऱ्या ओळीला धाप लागते. या आठवड्यात ठरवलंच होतं, मागे पडायचं नाही."

"फिरायला निघालो तरी हिला माझ्या दोन पावलं पुढेच चालायचं असतं," काका म्हणाले. "तिथे गुरुजींची काय कथा."

भाचा हसला नाही. 

ते ध्वनिमुद्रण त्यानेच केलं होतं. महामृत्युंजयाचा जप, तासाभराचा, वेष्टनावर ठळक अक्षरांत 'अखंड'. गुरुजी वयस्कर होते. आवाज मोठा गोड, पण ओळ संपली की छातीतून शिट्टीसारखा सूर निघे. स्टुडिओचे मालक म्हणाले, धाप काढून टाक. त्याने काढली. ओळींमधला श्वास काढला, दोन आवर्तनांमधली शांतता काढली, आणि एवढं करूनही बाकीची आवर्तनं मनासारखी बसेनात, तेव्हा सगळ्यांत सुरेल असं एकच आवर्तन उचललं आणि त्याच्याच प्रती एकापुढे एक लावून तास भरला. सांधा कुठे कळत नव्हता. मालकांनी पाठ थोपटली होती.

मावशी आजारातून उठल्यावर तोच हौसेने ते तिच्याकडे घेऊन गेला होता. स्पीकर जोडून दिला, वर म्हणाला, "याच्या बरोबरीने म्हणत जा, लय सुटणार नाही." आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं, तिच्यासाठी काही केल्याचा त्याला अभिमान वाटला. चार-पाच दिवसांनी तिने विचारलं होतं, "काय रे, हे गुरुजी श्वास कधी घेतात?"

तेव्हा तो हसून म्हणाला होता, "तपश्चर्या आहे त्यांची."

खरं सांगायला तेव्हा अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ती इतक्या कौतुकाने ऐकत होती, आणि त्या कौतुकातला थोडा वाटा त्याचाही होता.

तो रुग्णालयातून थेट स्टुडिओत गेला. हेडफोन चढवून ते मुद्रण लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बरोबरीने मंत्र म्हणायला लागला. पहिलं आवर्तन निभावलं. दुसऱ्यात आवाज चिरकला. तिसऱ्याला कानशिलं तापली आणि शब्द गिळले गेले. त्याची धडधाकट छाती, आणि ही गत. मुद्रण बाजारात जाण्याआधी त्याने हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. कानाने तपासलं होतं, तोंडाने नाही.

मूळ मुद्रण संगणकात शिल्लक होतं. त्यात गुरुजी अर्ध्यावर थांबत, श्वास घेत, उरलेलं म्हणत, मग जरा वेळ गप्प बसत. एका ठिकाणी खोकून "माफ करा" म्हणाले होते.

त्याने गुरुजींना फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"बऱ्या आहेत ना त्या?" गुरुजींनी विचारलं.

"आहेत."

"तुमच्या मालकांना मीच विनंती केली होती," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, धाप ऐकू येता कामा नये. लोक म्हणतील, मृत्यूवरचा मंत्र म्हणायला बसलाय आणि ह्यालाच दम नाही. लाज वाटली हो मला. त्या मंत्रात मागणं काय आहे? पिकलेलं फळ देठापासून जसं अलगद सुटतं, तसं आम्हाला मृत्यूपासून सोडव. अलगद. तिथे घाई नाही, ओढाताण नाही. शिकवताना मी पहिल्या दिवशी सांगतो, आधी श्वास, मग अक्षर. आणि स्वतःचाच श्वास लपवला." मग म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं काम केलंत. मनाला लावून घेऊ नका."

त्यात पळवाट होती. पण "तपश्चर्या आहे" असं म्हणायला ना मालकांनी सांगितलं होतं ना गुरुजींनी. शिवाय मावशीने उद्याही जपाला बसायचं म्हटलंय, असा काकांचा निरोप फोनवर येऊन पडला होता.

दुपारी तो पुन्हा गेला. मावशी उशीला टेकून बसली होती. काका औषधं आणायला खाली गेले होते. त्याने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, श्वासाचं, प्रतींचं. सांगताना तो तिच्या मनगटाकडे बघत होता. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

"म्हणजे त्यांनी एकदाच म्हटलंय?"

"त्यांनी पुष्कळदा म्हटलं. मी एकच ठेवलं."

"आणि ती तपश्चर्या?"

"ते मी खोटं बोललो."

"तू हसत होतास तेव्हा," ती म्हणाली. "मला वाटलं, गुरुजींच्या कौतुकाने हसतोयस."

त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"पहाटे घरात कुणी उठलेलं नसतं," ती पुढे म्हणाली. "तो आवाज लावला की वाटायचं, समोर एक माणूस बसलाय, आपण दोघं म्हणतोय. मी मागे पडले की त्यांची मनातल्या मनात माफी मागायचे. रोज. मग मी माफी कुणाची मागत होते रे?"

तो म्हणाला, "मूळ मुद्रण आहे माझ्याकडे. श्वासासकट. खोकलासुद्धा आहे. ते आणून देतो."

"नको. आता काहीही ऐकलं तरी कात्री कुठे लावलीय तेच शोधत बसेन."

काका औषधांची पिशवी घेऊन आले. दोघांची तोंडं बघून म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "सदरा उलटा आहे तुमचा. सकाळपासून."

ती तिसऱ्या दिवशी घरी आली. भाच्याने मालकांना लेखी कळवलं की ते मुद्रण मागे घ्या, निदान सोबत म्हणू नये एवढी सूचना तरी छापा. मालकांचं म्हणणं, बघू. आजवर एकही तक्रार नाही, उलट मागणी वाढलीय. मुद्रण अजून विक्रीला आहे.

मावशी रोज ठरल्या वेळी उठते, खोलीचं दार लोटून घेते. स्पीकर तिने काकांकरवी परत पाठवला. ती आत जप करते की नुसती बसते, हे काकांना सांगता येत नाही; विचारलं तर म्हणते, "तुमचा चहा बघा." भाच्याशी बोलते, पण जेवलास का आणि कधी येतोस, एवढंच. काल तिने काकांकरवी त्याच्याकडून गुरुजींचा नंबर मागून घेतला. फोन लावला की नाही, ते अजून कळलेलं नाही.