बहुधा ढगाळ रात्र

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास गोपिका गावंडेला कळले की तिच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण टिकणार नाही. तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली, आणि उत्तर तेच आल्यावर पाण्याची बाटली भरायला उठली.

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सहा वर्षे ती एकाच गोष्टीच्या मागे होती: काही वर्षांतच ज्यांचे वर्गीकरण बदलते अशा सक्रिय दीर्घिका. अशा दीर्घिकेच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्याभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूमुळे वर्णपटात हायड्रोजनची रुंद रेषा उमटते. ती दिसली तर दीर्घिका पहिल्या प्रकारची, न दिसली तर दुसऱ्या. हे प्रकार कायमचे असतात असे पूर्वी मानत. मग काही दीर्घिकांत ती रेषा मावळताना, काहींत उगवताना सापडली. गोपिकाच्या दीर्घिकेत २००३ साली रुंद रेषा नव्हती, २०२१ साली होती. पहिली तीन प्रकरणे या चौथ्यापर्यंत पोचण्यासाठीच लिहिलेली होती. शुक्रवारी संशोधन समितीपुढे सादरीकरण होते आणि महिनाअखेर नोंदणीची मुदत संपत होती.

वेगवेगळ्या काळांतले दोन वर्णपट शेजारी ठेवायचे, तर आधी दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या रेषेची उंची सारखी करून घ्यायची, ही या कामातली रीत. तो ऑक्सिजन केंद्राभोवती शेकडो प्रकाशवर्षे पसरलेला असतो; वीस वर्षांत बदलत नाही. जुन्या वर्णपटात ती रेषा चौपट क्षीण होती. गोपिकाने रीतीप्रमाणे तो वर्णपट चौपट केला, ‘बहुधा ढगाळ रात्र’ अशी टीप लिहिली आणि ती पुढे गेली. आज सादरीकरणासाठी चित्र तयार करताना तिने जुन्या निरीक्षणाची जागा दीर्घिकेच्या छायाचित्रावर मांडून पाहिली. दुर्बिणीचा प्रकाश टिपणारा तंतू केंद्रावर नव्हताच, शेजारच्या वायूवर होता. तिथे ऑक्सिजन होता. रुंद रेषा तिथे कोणत्याही वर्षी दिसली नसती.

“काहून वं, भूत पाह्यलं का?” शेजारच्या टेबलावरून पियूषने विचारले. तो तिच्याच वर्षाचा संशोधक. “डबा तसाच पडून आहे तुहा.”

“माही गॅलेक्सी बदलली असं म्हणता येत नाही.”

“परवापर्यंत तर बदलून राहिली होती.”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ पाहत राहिला.

“हे अजून कोणी पाह्यलं?”

“तू.”

“मी? मी तं सकाळपासून कँटीनमध्ये आहे.” मग त्याने आवाज उतरवला. “समितीतल्या एकालेही हे समजणार नाही, गोपिका. डिग्री घे. दुरुस्ती मंग छापजो.”

त्याचे म्हणणे खरे होते. गोपिकाला राग आला नाही, मोहही झाला नाही. तिने लॅपटॉप उचलला आणि ती मार्गदर्शकांच्या खोलीत गेली.

डॉ. वंदना लांजेवार तीन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. त्यांनी छायाचित्र पाहिले, तंतूच्या जागेचे निर्देशक स्वतः पुन्हा घालून पाहिले.

“चौपट फरक होता तेव्हा थांबली का नाहीस?”

“ढग समजले मी.”

“ती टीप मीही वाचली होती,” मॅडम म्हणाल्या. “‘बहुधा’खाली पेन्सिलीने रेघ मारली होती. विचारायचं राहून गेलं.” त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. “२००३ला केंद्रात काय होतं ते आपल्याला माहीत नाही. एवढंच आता म्हणता येतं. शुक्रवारी काय करायचं?”

“प्रकरण काढते.”

“तीन प्रकरणांवर समिती पुढे जाऊ देणार नाही.”

“हो.”

“मला वाटलं, तू रडशील.”

“मलाही वाटलं होतं,” गोपिका म्हणाली.

संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर कळमेश्वरहून वडिलांचा, चंपतरावांचा फोन आला.

“शुक्रवारी पेढे आणू का बर्फी? तुही मावशी बर्फीवर अडून बसली.”

“काही आणू नका, बाबा. माहं चुकलं. अजून सहा महिने लागतील.”

“कोणी त्रास देऊन राहिलं का तुले?”

“नाही. मीच चुकली अन् मीच सांगितलं.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कोणीतरी कमी केला.

“सांगणं जरुरीच होतं का, बाई?”

“हो.”

“बरं,” चंपतराव म्हणाले. “जेवली का?”

तिला आठवेना. ती हो म्हणाली.

शुक्रवारी समितीने तिचे वीस मिनिटे ऐकून घेतले आणि मुदतवाढीचा अर्ज करायला सांगितले. अर्ज विभागाच्या कार्यालयात कुसुमताईंकडे मिळत. त्यांनी तिच्या खांद्यावरून कारणाचा रकाना वाचला.

“अवं, ‘निष्कर्ष चुकीचा ठरला’ असं कोणी लिहिते का? ‘तांत्रिक कारण’ लिही. वर लवकर सही होते.”

“तांत्रिक नाही ते, ताई.”

“मंग आजारपण लिही.”

“आजारी नव्हती मी.”

“तोंडावरून तं तशीच दिसून राहिली,” कुसुमताई म्हणाल्या आणि शिक्का पुढे सरकवून वाट पाहत बसल्या.

गोपिकाने वाक्य खोडले नाही. त्याच्यापुढे ‘चूक माझी’ एवढे आणखी लिहिले. रकाना तिथे संपला, म्हणून सही समासात केली.