स्वतःच्या हस्ताक्षरातला अर्ज

त्या बुधवारी जेवणाची घंटा झालीच नाही.

भिंतीवर घड्याळ होतं, प्रत्येकाच्या मनगटावर होतं, पोटातलं तर कधीचं वाजत होतं. पण धर्मगुरू घडवणाऱ्या त्या विद्यालयात घंटा झाल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे. चर्चचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा धडा संपला होता. घंटा नाही म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्याचा सुरू केला. स्वयंपाकघरात आचारी पातेल्यांवर झाकणं घालून ताटकळला. पावणेदोनला विद्यालयाचे प्रमुख, म्हणजे रेक्टर, स्वतः शोधायला निघाले, तेव्हा घंटा वाजवणारा विद्यार्थी, शेवटच्या वर्षाचा एक ब्रदर, वाचनालयात एका अर्धवट कागदासमोर बसलेला सापडला.

त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. सहा वर्षांत त्याची घंटा मिनिटभर इकडची तिकडे झाली नव्हती. समोरचा कागद म्हणजे गुरुदीक्षेचा, धर्मगुरू होण्याचा अर्ज. तो छापलेला चालत नाही, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावा लागतो, आणि ‘मी हे पूर्णपणे माझ्या इच्छेने मागत आहे’ हे त्यात यावंच लागतं. मुदत शुक्रवारची. त्या वाक्यापर्यंत घड्याळ नऊ वेळा पोचला होता आणि नऊही वेळा पेन तिथंच अडून बसलं होतं.

रेक्टर रागावले नाहीत. “समुपदेशक बाईंना भेटून या,” एवढंच म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं, असं घड्याळला वाटलं.

बाईंची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या टाकत. आता दोन धड खुर्च्या, पाण्याचा जग आणि दारावर पाटी: ‘आत या. कारण लागत नाही.’ विनाकारण कुठं जायची घड्याळला सवय नव्हती, म्हणून त्याने कारणांची यादी करून नेली.

बसल्या बसल्या मान खाली घालून तो सुरू झाला. “घंटा चुकली. त्यामुळे चाळीस जणांचं जेवण निवलं. प्रार्थनेत लक्ष लागत नाही. परवा शेजारच्या ब्रदरचे मोजे घातले, सांगितलं नाही…” यादी संपली तसा तो हात जोडून थांबला. बाईही थांबल्या.

“मग?” त्याने विचारलं.

“मग काय?”

“प्रायश्चित्त काय करू?”

“अहो ब्रदर, हे पापनिवेदन नाही,” बाई म्हणाल्या. “मी काही फादर नाही. मोजे तेवढे धुऊन परत करा.”

घड्याळ यादीची घडी घालू लागला. घालता घालता, कागदाला सांगावं तसं म्हणाला, “मला वर्षभर थांबायचंय.”

“हे यादीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“सोडून जायचंय?”

“छे! थांबायचंय फक्त. आत्ता हो म्हटलं तर गावात आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणून म्हटल्यासारखं होईल. मावशीने तर समारंभाला हॉलसुद्धा ठरवलाय.”

“कुणाला बोललात हे?”

“तुम्हाला. आत्ता.”

“ठीक. या खोलीतलं बाहेर जात नाही. रेक्टरांच्या कानावरसुद्धा नाही.”

“एवढंसं जाऊ द्या ना, बाई,” घड्याळ कळवळून म्हणाला. “चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं.”

बाईंना हसू आवरेना. “इथं येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, बाहेर जाणार नाही ना? जावं म्हणून आलेले तुम्हीच पहिले. नाही जमणार. बोलायचं तुम्हीच. हवं तर सराव करू. मी रेक्टर. या आत.”

घड्याळ दाराबाहेर जाऊन परत आला. सहा वर्षांच्या संस्कारांबद्दल त्याने आभार मानले. वाचनालयातल्या नव्या दिव्यांबद्दल मानले. आचाऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली.

“ब्रदर,” बाई जाड आवाजात म्हणाल्या, “मला अकराला बैठक आहे.”

पाचव्या खेपेला ‘मला वर्षभर थांबायचंय’ हे वाक्य पहिल्याच दमात निघालं.

गुरुवारी सकाळी खऱ्या रेक्टरांपुढेही निघालं, फक्त आवाज चिरका आला. रेक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते ओरडणार, अशी घड्याळची खात्री होती.

“वर्षभर करणार काय?”

“आधी झोपेन, फादर. मग एखाद्या शाळेत शिकवेन. मग सांगेन.”

“बरं. ओढूनताणून हो म्हणणाऱ्यापेक्षा थांबतो म्हणणारा मला चालेल. पण वर्ष संपल्यावर हो किंवा नाही, स्पष्ट सांगायचं. घरी कळवलंत?”

घड्याळ घुटमळला. “फादर, तुम्ही आईला फोन केलात तर… तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“तुमच्या आईला? मी?” रेक्टरांनी घाईघाईने चष्मा चढवला. “गेल्या स्नेहसंमेलनात त्यांच्या खुर्चीला उशी नव्हती, म्हणून मला अर्धा तास ऐकवलंय त्यांनी. तो फोन तुमचा.”

व्हरांड्यातल्या खांबाला टेकून घड्याळने नंबर लावला. आभार नाहीत, दिवे नाहीत. “आई, मी या वर्षी दीक्षा घेत नाहीये. एक वर्ष थांबतोय. रेक्टरांशी बोललोय.”

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं.

“आजारी आहेस?”

“नाही.”

“कुणी काढून टाकलं?”

“नाही गं. मीच मागितलं.”

“किती दिवस मनात होतं?”

“आठ महिने.”

“आठ महिने!” आईचा आवाज चढला. “आणि मी वेड्यासारखी गावभर आमंत्रणं करत सुटले. दर रविवारी फोन करतोस, तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?”

“तू किती आनंदात असायचीस, आई.”

आईने नळ पुन्हा सोडला आणि पुन्हा बंद केला. त्याने मधे आभार वगैरे काही घातले नाहीत.

“मी रागावलेय,” शेवटी ती म्हणाली. “फोनवर नीट रागावता येत नाही. रविवारी ये, समोर बसवून रागावते.”

“येतो.”

“आणि मावशीच्या हॉलचं तूच निस्तर. मी मधे पडणार नाही.”

“आई, निदान तिला तरी तू…”

“नाही.” फोन ठेवता ठेवता ती थांबली. “बाळा, मला आधी सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे.”

घड्याळने बाहीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि मावशीचा नंबर लावला.