गोदामावरच्या वर्गातला मुका टेलिफोन

मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. मित्रांनो, बोलणं हेच माझं काम. पण ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी मुका होतो. माझी गोष्ट त्या दिवसाची आहे.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. पेटीत बंद होऊन, मुंबईच्या बंदरातून मी दुबईला आलो आणि खाडीकाठच्या एका जहाज कंपनीत मॅनेजरसाहेबाच्या टेबलावर बसलो. तेव्हा दुबईत टेलिफोन मोजकेच होते. माझी घंटा वाजली की कारकून उठून उभे राहत. दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. मग खारट हवेनं माझ्या आतल्या तारा खाल्ल्या. घंटा वाजेना, आवाज येईना. साहेबानं नवा टेलिफोन मागवला आणि मला गोदामात तांदळाच्या पोत्यांवर टाकून दिलं.

तिथून मला उचललं ते मोहिद्दीन मास्तरांनी. मोहिद्दीन बुरोंडकर हे दापोलीकडच्या बुरोंडीचे. कंपनीत हेडक्लार्क होते आणि इंग्रजी स्वच्छ बोलत. साहेबाला टेलिफोनवर बोलू शकणारे कारकून हवे होते. कोकणातून आलेल्या पोरांना इंग्रजी लिहिता यायचं, पण रिसीव्हर कानाला लावला की त्यांची बोबडी वळायची. म्हणून साहेबानं गोदामावरची खोली दिली आणि दुपार कलल्यावरच्या अस्रच्या नमाजानंतर बोलायचा वर्ग सुरू झाला. साल होतं बासष्ट.

वर्गात गावातली अरब मुलंही येऊ लागली. त्यांना समजावायला साहेबानं अहमदला नेमलं. अहमद खाडीपलीकडच्या देरा वस्तीतला अरब, जेमतेम बावीस वर्षांचा. त्याची ही पहिलीच नोकरी. मुंबईच्या व्यापाऱ्यांमध्ये वाढल्यामुळे त्याला हिंदी सफाईदार येई. मास्तरांना तो उस्ताद म्हणायचा.

दोघांची जोडी छान जमली. विद्यार्थ्यानं माझा रिसीव्हर कानाला लावायचा आणि अहमदनं दाराआडून साहेब व्हायचं. "हॅलो! व्हेअर इज माय कार्गो?" असं तो दरडावायचा तेव्हा पोरं हसून लोळायची. मास्तर फळ्यावर उत्तर लिहायचे. "येस सर. ॲट वन्स, सर. सॉरी, सर." अहमद तेच अरबीत फोडून सांगायचा. घरून येताना तो खजूर आणायचा. मास्तर त्याच्यासाठी बुरोंडीहून आलेली आंब्याची साठं ठेवायचे. मला तर वाटायचं, मी टेबलावर असतानासुद्धा इतका कामाचा नव्हतो.

मास्तरांची बायको मैमुनाबी गावी होती. सात वर्षं दोघांची गाठ सुट्टीपुरतीच. चौसष्टच्या हिवाळ्यात साहेबानं मास्तरांना कुटुंबासाठी दोन खोल्या मंजूर केल्या. मैमुनाबीला आणायचे कागद करायला अहमदच चार दिवस या कचेरीतून त्या कचेरीत धावला. कागद हाती देत तो म्हणाला, "उस्ताद, खलास. अब भाभी का टिकट निकालो." मास्तरांनी तो कागद माझ्याखाली दाबून ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात एक साधी गोष्ट घडली. वर्गात युसुफ नावाचा एक टॅलीक्लार्क होता. हर्णैचा, तिशीचा, अबोल माणूस. बोटी दूर समुद्रात नांगरायच्या, आणि बार्जमधून, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट होडीतून, जाऊन तिथल्या मालाची मोजदाद करणं हे त्याचं काम. त्या दिवशी त्यानं माझा रिसीव्हर हातात घेतला आणि बोलायचं सोडून मास्तरांना विचारलं,

"मास्तर, साहेबाचा ऑर्डर चुकीचा असला तर काय बोलायचं?"

मास्तर म्हणाले, "येस सर बोलायचं."

"आणि जीवावरचा असला तर?"

मास्तर फळ्याकडे गेले. खडू हातात घेऊन उभे राहिले. मग पोरांकडे पाठ करूनच त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "मे आय नो व्हाय, सर?" मास्तर म्हणाले, "का ते कळेल का, सर. अदबीनं विचारायचं. विचारायला हरकत नाही."

युसुफनं ते माझ्यात दहा वेळा म्हटलं. अहमदनं फक्त दाराआडून साहेबाचा आवाज काढला. वाक्य मास्तरांचं होतं. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा.

चार दिवसांनी शमाल सुटला, म्हणजे आमच्याकडचा वायव्येचा जोराचा वारा. साहेबानं धक्क्यावरच्या खऱ्या टेलिफोनवर युसुफला हुकूम केला, की ताबडतोब बार्ज घेऊन बोटीवर जा. युसुफनं विचारलं, "मे आय नो व्हाय, सर? वारा पडल्यावर जातो." साहेबानं रिसीव्हर आपटला आणि युसुफला कामावरून काढलं. युसुफच्या जागी दुसरा माणूस गेला आणि बार्ज सुखरूप परत आली. त्यामुळे युसुफचं बरोबर होतं असं म्हणायलाही कुणाला जागा उरली नाही.

त्या दिवशी साहेब स्वतः जिना चढून वर्गात आला. पोरं उठली. मी टेबलावर होतो, माझ्याखाली मैमुनाबीचा कागद. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या माणसांना असे प्रश्न विचारायला इथे कोण शिकवतं?"

मास्तरांचा हात माझ्यावर येऊन टेकला. त्यांनी तो कागद चाचपला आणि ते म्हणाले, "अहमद, सर."

खोलीतल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. युसुफनं मान वर केली. तो बोलणार होता; पण त्याला गावी परतायला मुंबईची बोट पकडायची होती आणि शेवटचा पगार अजून साहेबाच्या हातात होता. मला वाटलं, एकदाच घंटा वाजावी. तारा सडलेल्या होत्या. मी बसून राहिलो.

साहेबानं अहमदकडे पाहिलं. अहमदनं मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याखालच्या कागदाकडे. "येस सर," तो म्हणाला. "मी शिकवलं. वाक्य बरोबर आहे, सर."

त्या संध्याकाळी त्याची नोकरी गेली. दुसऱ्या आठवड्यात युसुफ मुंबईच्या बोटीनं परत गेला. त्याच बोटीच्या पुढच्या फेरीनं मैमुनाबी आली.

एका शुक्रवारी ती वर्ग झाडायला वर आली. पदरानं माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "तुमचा तो अहमद कुठाय? दर पत्रात त्याचंच कौतुक लिहायचात. एकदा जेवायला बोलवा ना."

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याला दुसरीकडे नोकरी लागली."

"बरं झालं. इन्शाल्ला मोठी असेल."

ती आणखी काही दिवस अहमदची आठवण काढायची. मग तिनंही सोडून दिलं.

अरब मुलं एकेक करून यायची बंद झाली. आपली पोरं यायची, पण आता कुणी हसत नसे. दाराआडून साहेब व्हायला कुणी नव्हतं, म्हणून मास्तरच दोन्ही बाजू बोलायचे. मला ते ऐकवत नसे. एक माणूस आपल्याच आवाजात दरडावायचा आणि आपल्याच आवाजात माफी मागायचा.

दोन वर्षं गेली. अहमद एके दिवशी कस्टमच्या कामासाठी कंपनीत आला. अंगावर इस्त्रीचा पांढरा कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, हातात फायली. तो आता सरकारी कचेरीत होता. कामं उरकून तो जिना चढून वर आला. मास्तर धडपडत उठले.

"बैठो, उस्ताद."

"अहमद, उस दिन मैंने..."

"मुझे मालूम है. भाभी आनेवाली थी." त्यानं वर्गावर नजर फिरवली. चार पोरं बसली होती. फळ्यावर लिहिलं होतं, येस सर, सॉरी सर. "पण मी समजत होतो, वर्गही वाचावा म्हणून तुम्ही माझं नाव घेतलंत," तो हिंदीतच म्हणाला. "मी मनाला तेच सांगत आलो. ते वाक्य आता शिकवता का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

मास्तरांनी मान हलवली.

"फिर मुझे किसलिए निकलवाया, उस्ताद?" अहमद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तो पायऱ्या उतरून गेला आणि मास्तर खुर्चीत बसले. पोरांनी विचारलं, "मास्तर, पुढचं वाक्य?" त्यांना पुढचं वाक्य सुचेना. वर्ग त्या दिवसापासून बंद झाला.

आज मी दुबईतल्याच अल मनखूलमध्ये मास्तरांच्या नातवाच्या फ्लॅटमध्ये कपाटावर असतो. पाहुणे विचारतात, तेव्हा घरातली मुलगी म्हणते, "इट्स ग्रेट-ग्रँडपाज फोन. ही वॉज अ ग्रेट टीचर." घरात एवढंच माहीत आहे. मास्तरांनी मरेपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही, आणि मैमुनाबीनंही नंतर विचारलं नाही.

माझ्यासारख्यांनी शेवटी म्हणायचं असतं, की जुन्या वस्तू जपा, त्यांना अडगळीत टाकू नका. मित्रांनो, मला अडगळीत टाकलंत तरी माझी तक्रार नाही. खारट हवेनं सडलेल्या तारेला दोष देता येत नाही. पण तुमच्या शेजारी उभं राहून कुणी तुमच्याबरोबर काम करत असेल, तर त्याचं नाव जपा. ते सदा तुमच्या तोंडात असतं, आणि अडचणीच्या वेळी जिभेवर सगळ्यांत आधी तेच येतं.

तेवढं नाव गिळायला शिका.